मुंबईत स्वतःची गाणी, चळवळीची गाणी करायचीत? नवीन आलेल्यांसाठी पायरी पायरीने

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की गाणी लिहून तयार आहेत, आवाज बरा आहे, मुंबईत स्टेज कसं मिळवायचं. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. पहिलं वर्ष स्टेज शोधूच नका, दुसऱ्याच्या मागे कोरसमध्ये उभे राहा. का, आणि मग पुढे काय, ते खाली जमेल तसं लिहितोय. बारमध्ये फक्त कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी करून पैसे कमवायचे असतील तर हे तुमच्यासाठी नाही, ते काम वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, ती माणसं माझ्यापेक्षा जास्त कमावतात.

१) आधी शहर समजून घ्या

मुंबईत एक सीन नाहीये, किमान तीन आहेत, आणि ते एकमेकांना फारसे ओळखत नाहीत.

पहिला इंडी, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणाऱ्या बँडवाल्यांचा. खार-वांद्रे-अंधेरी-लोअर परळ, ओपन माईक, तिकिटाचे गिग, इंग्रजी-हिंदी गाणी. हा पण आता जुना झालाय. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा फेस्टिव्हल १९८६ ला सुरू झाला, धोबीतलावच्या रंगभवनात पोरं दिवसभर उभी असायची. मग आवाजाचे नियम आले, रंगभवनच्या आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, त्यामुळे ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं लाइव्ह म्युझिक संपलं. नंतर लोअर परळला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह म्युझिकचा क्लब आला २००७ मध्ये, तो २०१६ ला बंद. म्हणजे काय, की इथे जागा टिकत नाहीत, भाडंच टिकू देत नाही, त्यामुळे एखाद्या जागेच्या मॅनेजरशी दोस्ती म्हणजे करिअर असं समजू नका, माणसं धरा.

दुसरा चळवळीचा. हा सगळ्यात जुना. गिरणगावात १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानंच्या मैदानं भरवली. त्याच्याही आधीपासून आंबेडकरी जलसे होते, मग वामनदादा कर्डकांची गाणी, भीमगीतांच्या पार्ट्या (म्हणजे गाणाऱ्यांचे संच), कव्वालीचे मुकाबले. घाटकोपर, चेंबूर, गोवंडी, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी, माटुंगा लेबर कॅम्प इथे आजही एखाद्या वस्तीत चार चांगले ढोलकीवाले सहज भेटतील आणि त्यातल्या एकाचंही इन्स्टाग्राम पेज नसेल. समाजवाद्यांची राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांची परंपरा आणखी वेगळी.

तिसरा रॅपवाल्यांचा. धारावी, कुर्ला, अंधेरीच्या गल्ल्या. इथली पोरं सिनेमात पोचली, धारावीच्या डोपॅडेलिक्झ या ग्रुपने तर रजनीकांतच्या सिनेमात रॅप केला, पण रोजचं काम अजून सायफरमध्येच, म्हणजे गोलात उभं राहून आळीपाळीने रॅप करण्यातच चालतं.

तिन्ही जिथे एकमेकांना भेटतात तिथे खरी मजा आहे. स्वदेशी नावाचा ग्रुप घ्या, मराठी-हिंदी-गुजराती रॅप करणारी पोरं, त्यांनी आरेच्या जंगलावर गाणं केलं तेव्हा आरेतल्याच पाड्यावरचे वारली आदिवासी कलाकार प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. किंवा शाहीर संभाजी भगत, वस्तीतल्या सभांपासून नाटकापर्यंत आणि सिनेमापर्यंत एकच आवाज, एकच डफ. नवीन माणसाने हे आधी ऐकावं. यूट्यूबवर एक आठवडा घालवा, फुकट आहे.

२) झील धरा

आता कोरसचं. शाहिरी गाण्यात मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात, जी रं जी जी करत त्याला श्वास घ्यायला जागा देतात. बघायला सोपं वाटतं. करून बघा. ओळ नक्की कुठे उचलायची, मुख्य गाणारा मध्येच थांबून बोलायला लागला तर डफ किती हळू करायचा, समोरची गर्दी उठायला लागली की तो कडवं गाळून थेट ध्रुवपदावर येतो ते न सांगता ओळखायचं, माईक एकच असेल आणि तिघं असाल तर कोण किती पुढे, हे सगळं मागे उभं राहूनच कळतं. कुठल्याही म्युझिक स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत.

कसं शिरायचं? मुंबईत यलगार सांस्कृतिक मंच, समता कला मंच असे ग्रुप आहेत, पुण्यात २००२ पासून कबीर कला मंच, शिवाय युनियनची, विद्यार्थी संघटनांची, वस्तीतल्या मंडळांची आपापली टीम असते. कार्यक्रमाला जा, पुढे बसू नका, शेवटपर्यंत थांबा, संपल्यावर केबल गुंडाळायला हात लावा आणि तेव्हाच विचारा की तालमीला येऊ का. असं विचारलेलं बहुतेक वेळा चालतं. इन्स्टावर मेसेज टाकून ‘कोलॅब करूया’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही आणि आलं तरी ते त्यांच्यातला जो सगळ्यात कमी काम करतो त्याचं येईल.

जाण्याआधी एक करा, तो ग्रुप राजकीयदृष्ट्या कुठे उभा आहे ते समजून घ्या. जय भीमवाले, लाल सलामवाले, समाजवादी, एनजीओवाले हे बाहेरून एकाच मोर्चात दिसतात पण आत जुनी भांडणं आहेत आणि ती फालतू नाहीत, जातीचा प्रश्न आधी की पोटाचा यावर इथे पिढ्या भांडल्यात. तुम्हाला लगेच बाजू घ्यायची गरज नाही पण ‘सगळे एकच ना’ असं म्हणू नका, त्याने सगळेच चिडतात.

रॅपवाल्यांसाठी हेच सायफरला लागू. पहिले काही वेळा फक्त उभे राहा, दुसऱ्याच्या ओळीला दाद द्या, बीटबॉक्स येत असेल तर करा. घरून पाठ करून आणलेला सोळा बारचा, म्हणजे साधारण सोळा ओळींचा व्हर्स पहिल्याच दिवशी घुसवला तर सगळ्यांना कळतं.

३) वाद्य आणि पट्टी

डफ, दिमडी, हलगी यातलं एक घ्या. हातात मावतं, गर्दीत वाजतं, लाइट गेली तरी चालतं. चामड्याचं असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात ते सर्द होऊन उतरतं, मग कार्यक्रमाआधी कागद पेटवून शेकत बसावं लागतं, म्हणून जूनपासून पुढे बरेच जण प्लास्टिक लावलेलं वापरतात. आवाजात तेवढी जान नसते पण भर पावसात मोर्चात काडेपेटी कुठून काढणार. ढोलकी, हार्मोनियम, मोठे स्पीकर असतील तर लोकलच्या मालडब्यातून न्या, तेसुद्धा सकाळी आठ ते अकरा सोडून, नायतर मासेवाल्या मावशी आणि तुम्ही दोघंही वैतागाल.

गिटारवाले आणि ढोलकीवाले एकत्र आले की पहिला घोळ पट्टीचा, म्हणजे गाणं कुठल्या सुरात धरायचं त्याचा होतो. ढोलकीवाला पांढरी दोन म्हणतो तो तुमचा डी, काळी एक म्हणतो तो सी शार्प. एवढं पाठ करा, आणि पट्टी आधी फोनवर सांगा, कारण ढोलकी लावलेली असते, तुमच्यासारखा कॅपो (गिटारच्या तारांवरचा चिमटा) सरकवला की झालं असं तिचं नसतं.

४) गाणं लिहिणं

इथे थोडं थांबतो कारण नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच.

चळवळीत चालीवर गाणं ही जुनी आणि हुशार पद्धत आहे. लोकांना आधीच माहीत असलेली चाल घ्यायची, ओव्या, गोंधळ, कोळीगीत नाहीतर सरळ सिनेमाचं गाणं, आणि त्यावर आपले शब्द टाकायचे. दुसऱ्या कडव्यापर्यंत समोरचे लोक तुमच्याबरोबर गायला लागतात, मोर्चात यापेक्षा जास्त काय पाहिजे. पण तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं की सिनेमाच्या चालीवर म्युझिक कंपनीचा क्लेम येतो, पैसे त्यांना जातात किंवा व्हिडिओच उडतो. म्हणून मला विचाराल तर रस्त्यासाठी चालीवर लिहा बिनधास्त, आणि ज्या गाण्याला आयुष्य आहे असं वाटतं त्याला स्वतःची चाल बांधून मगच रिलीज करा. पारंपरिक लोकचाल असेल तर प्रश्न नाही, फक्त ती खरंच पारंपरिक आहे का ते बघा, बऱ्याच ‘पारंपरिक’ भीमगीतांना लिहिणारा आणि चाल देणारा माणूस असतो, त्याचं कुटुंब असतं, आणि कॅसेटच्या जमान्यात त्यांचं नाव खाल्लं गेलेलं असतं. तुम्ही परत खाऊ नका. गाण्याआधी कवीचं नाव घ्या, व्हिडिओखाली लिहा.

दुसरं म्हणजे विषय. झोपडपट्टी तोडली, त्यावर गाणं लिहायचंय, तर तिथे जा. किती घरं तुटली, नोटीस कधी आली, लोक आता कुठे झोपतायत. गाण्यात एक आकडा चुकला की समोरचा पक्ष पूर्ण गाणंच खोटं म्हणतो. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळल्यावर एका रात्रीत झाडं कापायला घेतली आणि दोन हजारांहून जास्त गेली, हे असं साधं सांगितलं तरी अंगावर येतं, वर ‘धरती माता रडली’ टाकायची गरज नसते. आणि तुम्ही त्या वस्तीतले नसाल तर गाणं ‘मी’ने लिहिताना दहादा विचार करा. तिथली एखादी बाई किंवा पोरगा गाणारा मिळतो का बघा, मिळतोच, मग तुम्ही झील धरा.

भाषा जशी बोलता तशी. गोवंडीत मराठी-हिंदी-दखनी एकाच वाक्यात येते, येऊ द्या. लेखी मराठीतली क्रांतीगीतं ऐकून पब्लिक मान डोलावतं आणि घरी जातं.

५) तारखा

चळवळीचं वर्ष तारखांवर चालतं. १ जानेवारी भीमा कोरेगाव, ३ जानेवारी सावित्रीबाई, ८ मार्च, ११ एप्रिल महात्मा फुले, १४ एप्रिल, १ मे, १ ऑगस्ट अण्णाभाऊ, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ६ डिसेंबर चैत्यभूमी. एप्रिलमध्ये १४ तारखेच्या आसपास चांगला ढोलकीवाला मिळणं अशक्य, सगळ्यांच्या तारखा आधीच गेलेल्या असतात, म्हणजे तुमचा स्वतःचा लॉन्च एप्रिलमध्ये ठेवू नका आणि कोरसला माणसं कमी पडतायत का हे मात्र एप्रिलमध्येच विचारा.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे, गाण्यांचे स्टॉल असतात, जागोजाग पार्ट्या गात असतात, तिथे नुसतं फिरलं तरी शिक्षण होतं. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात १९९७ च्या पोलीस गोळीबारात गेलेल्या १० जणांची आठवण काढतात. त्या घटनेनंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथे पहिल्या वर्षी ऐकायला जा. फोन खिशात ठेवून.

६) परवानगी आणि आवाज

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा देशाचा नियम, २००० सालचा. वर्षातले १५ दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस आधीच जाहीर होतात आणि बहुतेक सणांनाच जातात. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. ५५ डेसिबल म्हणजे किती तर जोरात गप्पा मारल्या तरी ओलांडेल एवढं, म्हणजे प्रत्यक्षात नियम कोणाला लावायचा ते पोलीस स्टेशन ठरवतं, आणि तुमच्यासारख्यांना लावण्याची शक्यता जास्त, त्यामुळे कागद पूर्ण ठेवा.

लाऊडस्पीकरचा अर्ज स्थानिक पोलीस स्टेशनला, मैदान किंवा रस्ता असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला वेगळा. आंदोलन असेल तर आझाद मैदानाचा राखीव भाग आणि तिथेही आधी परवानगी. अर्जाच्या दोन कॉपी न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी ‘करा तुम्ही, बघू’ याला परवानगी म्हणत नाहीत. गाण्यांबरोबर नाट्य असेल, लिहिलेली संहिता असेल आणि थिएटरात प्रयोग करायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, हो, महाराष्ट्रात अजून लागतं, त्याला बरेच दिवस आधी संहिता द्यायला लागते.

हॉलचं म्हणाल तर प्रभादेवीचं भूपेश गुप्ता भवन, आझाद मैदानाजवळचा पत्रकार संघ, महालक्ष्मीचं जी फाइव्ह ए असल्या जागी विचारून बघा, प्रत्येकाचं भाडं आणि अटी वेगळ्या.

७) पैसे

यावर कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. चळवळीच्या कार्यक्रमात पण पैसे विचारायचे. मोर्चा असेल, संपावरच्या कामगारांची सभा असेल तर नाही घ्यायचे, प्रवासखर्च मिळाला तर ठीक. पण जयंतीचं मंडळ डीजेला हजारो रुपये देतं आणि शाहिराला नारळ-शाल, तिथे मानधन ठरवून, थोडा बयाणा घेऊनच तारीख द्या. त्यात तुमच्यापेक्षा ढोलकीवाल्याचा विचार करा, त्याचं घर त्यावर चालतं, तुमची बहुतेक नोकरी असते. त्याला ‘चळवळीसाठी ये’ म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

इंडी जागांमध्ये तिकिटातला वाटा देतात की फिक्स रक्कम ते आधी ईमेलवर घ्या. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य आलं की साऊंडचा खर्च कोण करतंय एवढंच विचारा. ‘तुमची वीस तिकिटं तुम्ही खपवा’ असं म्हणणारे ओपन माईक सोडून द्या, ते तुमच्या मित्रांना बिअर विकण्याचं काम आहे. कंपन्यांच्या कार्यक्रमात पैसे चांगले आणि टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापतात, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि रिटर्न भरा, नायतर ते पैसे परत मिळत नाहीत.

८) रिलीज आणि हक्क

गाणं रेकॉर्ड झालं त्याच दिवशी, रिलीजच्या आधी, कोणी लिहिलं, कोणी चाल दिली, बीट कोणाचं, किती टक्के कोणाचे, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी ‘ओके’ टाकलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. गाणं चाललं नाही तर कागद वाया गेला, चाललं तर मैत्री वाचली.

यूट्यूबवरून घेतलेलं फुकट टाइप बीट (एखाद्या रॅपरच्या स्टाइलचं तयार बीट) बहुतेक वेळा फक्त पैसे न कमावण्यापुरतं फुकट असतं, लीज, म्हणजे वापरायचं लायसन्स विकत घ्या आणि पावती ठेवा. स्पॉटिफायवगैरेवर जायला डिस्ट्रिब्युटर लागतो, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, राउटनोट, बरेच आहेत, कोणी वर्षाला फी घेतं कोणी कमाईतला वाटा. वर्षाची फी भरणं थांबवलं की काही ठिकाणी गाणी खाली येतात, हे नीट वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर (त्याची ओळख पटवणारा कोड) लागतो तो तेच देतात.

गीतकार आणि संगीतकार असाल तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) मेंबर व्हा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाच देऊन टाकता येत नाही, म्हणजे एखादं लेबल ‘सगळे हक्क कायमचे’ असा कागद पुढे करत असेल तरी तो वाटा तुमचाच राहतो. ही गोष्ट लेबलवाले स्वतःहून सांगत नाहीत. एक गंमत पण आहे, मेंबर झाल्यावर तुमच्याच गाण्यांच्या लाइव्ह कार्यक्रमासाठी आयोजकाला लायसन्स लागू शकतं, तेव्हा आयोजकाला आधी सांगून ठेवा.

९) पोलीस, नोटीस, एफआयआर

घाबरवायला नाही लिहीत, पण हे नसलेलं मार्गदर्शन अर्धवट होईल. एप्रिल २०२३ मध्ये सत्ताधाऱ्यांवर गाणी केली म्हणून महाराष्ट्रातल्या दोन मराठी रॅपर्सवर गुन्हे दाखल झाले. कबीर कला मंचाचे लोक तर वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेत. प्रत्येक गाण्याचं असं होत नाही, शंभरातली बहुतेक गाणी कोणी ढुंकून बघत नाही, पण तयारी एकाच पद्धतीने ठेवायची.

मोर्चा किंवा कार्यक्रमाआधी पोलीस नोटीस देतात, जुने लोक तिला १४९ ची नोटीस म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ती कलम १६८. याचा अर्थ गुन्हा झाला असा नाही, काही झालं तर तुम्हाला जबाबदार धरू असा इशारा आहे. घ्या, वाचा, तारीख-वेळ लिहून सही करा, फोटो काढून ग्रुपवर टाका. जमावबंदी लागू आहे का ते पण आदल्या दिवशी विचारा.

गुन्हाच दाखल झाला तर एफआयआरची कॉपी मागा, साधारणपणे ती पोलिसांच्या वेबसाइटवर पण येते. गाण्यांवर लागणारी नेहमीची कलमं, दोन समाजांत तेढ, अफवा, बदनामी, यात शिक्षा सात वर्षांच्या आतली आहे, आणि अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. आधी हजर राहायची नोटीस येते, नवीन कायद्यात कलम ३५(३). त्या नोटिशीला हजर राहा, एकटे जाऊ नका, वकील घेऊन जा. फोन कोणी मागितला तर वकिलाशी बोलतो म्हणा आणि पंचनामा मागा. अजूनही कोणी आयटी कायद्याच्या ६६ए ची भीती घातली तर ते कलम २०१५ मध्येच रद्द झालंय.

वकील महाग असतात असं वाटून लोक गप्प बसतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात आहे. शिवाय पीयूसीएल, सीपीडीआर अशा नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांची माणसं मुंबईत आहेत. त्यांचे नंबर कार्यक्रमाआधी घ्या, पकडल्यावर नंबर शोधायला फोन हातात नसतो.

गाण्याची छापील कॉपी, तारीख टाकून, सोबत ठेवा. व्हिडिओ क्लिप कापून फिरवतात तेव्हा पूर्ण गाणं दाखवता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक रेकॉर्डिंग आपलं आपण करा, साध्या फोनवर चालेल.

१०) ग्रुपमधलं घर नीट ठेवा

ग्रुप पोलिसांमुळे कमी फुटतात, हिशोबामुळे आणि पोरींना त्रास देणाऱ्या एखाद्या ‘सिनियर’मुळे जास्त. वही ठेवा, कोणी किती आणले कुठे गेले, महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचा. तक्रार आली तर कोणाकडे जायचं ती दोन माणसं आधीच ठरवा, त्यातली एक बाई आणि दोघंही मुख्य गाणारे नकोत. कार्यक्रम अकराला संपणार असेल तर विरार, कर्जत, पनवेलला राहणारे कोण आहेत ते बघून क्रम लावा, त्यांची गाणी आधी, दादरवाले शेवटी केबल गुंडाळतील.